जुनी लादी उखडावी की तिच्यावरच नवी बसवावी?

मुंबई-पुण्यातल्या तीस-चाळीस वर्षे जुन्या सदनिकांमध्ये बहुधा दहा इंची मोझॅक लादी असते. घराचे नूतनीकरण स्वतःच्या हाताने करायला निघालेल्या माणसासमोर तिचे काय करायचे, हा पहिला प्रश्न उभा राहतो. एक मार्ग ती फोडून स्लॅबपर्यंत जाण्याचा आणि दुसरा तिच्यावरच चिकटद्रव्याने नवी व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याचा. यांपैकी निवड करताना नव्या टाइलच्या रंगापेक्षा जुन्या लादीचा आवाज अधिक उपयोगी ठरतो, असे माझे मत आहे.

एखादा लाकडी दांडका घेऊन प्रत्येक लादीवर, विशेषतः तिच्या चारही कोपऱ्यांवर, हलकेच ठोकत जावे. भरीव, खणखणीत आवाज आला तर लादी खालच्या मालाला, म्हणजे तिच्याखालच्या सिमेंट-वाळूच्या थराला, घट्ट धरून आहे आणि पोकळ आवाज आला तर ती सुटली आहे, असे समजावे. सुटलेल्या लाद्यांवर खडूने फुली मारत गेल्यास तासाभरात खोलीचा नकाशाच तयार होतो. फुल्या चार-दोनच असतील तर तेवढ्या लाद्या काढून खड्डे सिमेंटच्या मालाने भरून घेता येतात. त्या निम्म्या खोलीत पसरल्या असतील, किंवा जमीन एका बाजूला खचली असेल, तर वरून टाइल बसवण्याचा विचार सोडून द्यावा, कारण खालची लादी हलली की वरची तडकणारच.

फोडण्याचा खरा भार छिन्नी-हातोड्याच्या कष्टांत नसून राडारोड्यात आहे, आणि घरी काम करणाऱ्यांचा अंदाज नेमका इथेच चुकतो. मोझॅक लादी साधारण 20 ते 22 मिलिमीटर जाड असते आणि तिच्याखाली किमान इंचभर तरी माल असतो. दोन्ही मिळून दर चौरस मीटरला 110 किलोच्या आसपास वजन भरते. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीतून सुमारे 1,200 किलो डेब्रिज निघते आणि गोणीत 30 किलो भरले तरी चाळीसएक गोण्या होतात. त्या जिन्याने उतरवायच्या की लिफ्टने, लिफ्टला सोसायटीची परवानगी आहे का, आणि खाली आल्यावर त्या कुठे जाणार, हे पहिला घाव घालण्यापूर्वीच ठरलेले असावे. बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांनी असा राडारोडा रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकण्यास मनाई केली. मुंबई महानगरपालिकेने तर तो उचलून नेण्यासाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा सुरू केली.

याउलट वरून टाइल बसवताना डेब्रिज जवळजवळ निघतच नाही, परंतु स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण 25 किलोंची भर पडते. निवासी खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापरभार, म्हणजे माणसे आणि सामानाचे वजन, धरलेला असतो. त्यामुळे सुस्थितीतल्या आरसीसी इमारतीत एक थर सहसा अडचणीचा ठरत नाही. मात्र छताचा गिलावा पडतो आहे, सळ्या गंजून दिसू लागल्या आहेत, अशा इमारतीत संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय एक किलोही वाढवू नये. तिथे लादी फोडणाऱ्या ब्रेकर यंत्राचे हादरेही तितकेच घातक असतात आणि खालच्या शेजाऱ्याच्या छताचे पोपडे त्याच्या ताटात पडतात.

वरून बसवण्यातली दुसरी अडचण उंचीची आहे. टाइल आणि चिकटद्रव्य मिळून जमीन 12 ते 15 मिलिमीटर वर येते. लाकडी दार खालून तासता येते, पण लोखंडी सुरक्षा दाराचे तसे होत नाही, आणि ओट्याखाली जेमतेम बसवलेले वॉशिंग मशीन पुन्हा आत जात नाही. बाल्कनीची पातळी वाढली आणि हॉलची तशीच राहिली, तर पहिल्याच जोरदार पावसात पाणी घरात येते. शिवाय गुळगुळीत मोझॅकवर साधी सिमेंटची रबडी धरत नाही. जुने पॉलिश व मेण घासून काढावे लागते, पृष्ठभाग ग्राइंडरने खरखरीत करावा लागतो आणि टाइलवर टाइल बसवण्यासाठीचेच चिकटद्रव्य आणावे लागते.

फोडायचेच ठरले तर कोरड्या खोल्यांपुरते काम घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे. मधली एक लादी फोडून वाट करावी आणि मग शेजारच्या लादीखाली चपटी छिन्नी शक्य तितकी आडवी धरून ठोकावे. माल जुना व भुसभुशीत असेल तर लादी अखंड सुटून येते. छिन्नी उभी धरली तर घाव थेट स्लॅबवर बसतो. पुष्कळ घरांत विजेच्या वायरींचे पाइप लादीखालच्या मालातूनच नेलेले असतात, म्हणून त्या खोलीचा मेन स्विच बंद ठेवावा आणि भिंतीतल्या बोर्डापासून खाली येणाऱ्या रेषेत ब्रेकर अजिबात चालवू नये. फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठत जाते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. नीट बसणारा एन-95 मास्क लावावा आणि पाण्याचा हलका फवारा मारत राहावे.

लादी पक्की असून केवळ डागाळलेली आणि निस्तेज झाली असेल, तर या दोन्ही मार्गांच्या आधी पॉलिशवाल्याला एकदा बोलवावे. मशीनने घासून, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने चमक आणलेली मोझॅक आजच्या कित्येक टाइलपेक्षा देखणी दिसते, आणि तिला उंचीचीही अडचण नाही अन् गोण्यांचीही.

बाथरूमचा हिशेब मात्र वेगळा आहे. गळती असेल तर वरून टाइल लावणे म्हणजे ती केवळ झाकणे होय. तिथे फोडणे अपरिहार्य आहे, पण ते स्वतः करू नये, कारण लादीबरोबर जलरोधक थर आणि कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटचा थर, हाही निघतो. तो पुन्हा घालून, ढाळ नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे, देऊन, टाइल लावण्यापूर्वी किमान 24 तास पाणी तुंबवून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहून यावे.