टीबीच्या उपचारात घरी येणारी मदत : वागळे इस्टेटमधील अनुभव

क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ती निदान सहा महिने न चुकता पोटात जावीत यासाठी घरी येऊन पाठपुरावा करणारी माणसे हाही त्याच सरकारी क्षयरोग कार्यक्रमाचा भाग आहे. ठाण्यात वागळे इस्टेट भागात माझ्या सासूबाईंच्या आजारपणात ही सेवा जवळून पाहता आली.

पहिले दोन महिने चार औषधांच्या एकत्रित गोळ्या, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा नेहमीच्या टीबीचा क्रम असतो. आमच्याकडे येणाऱ्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पाहण्याआधी जेवण जाते का, उलटी होते का, हे विचारत. रिफाम्पिसिन या त्यातल्याच एका औषधामुळे लघवी नारिंगी होऊ लागली तेव्हा सासूबाईंनी गोळ्या बंदच करायचे ठरवले होते. ‘‘अहो आजी, हा गोळीचा रंग आहे, रक्त नाही,’’ असे सांगून त्यांनी समजूत घातली. मात्र डोळे पिवळे दिसले किंवा नजर अंधुक झाली तर एक दिवसही न थांबता केंद्रात या, अशी ताकीदही दिली. घाबरायचे कशाला आणि कशाला नाही, हे रुग्णाला घरात बसून सांगणारे कोणी असणे हेच या सेवेचे खरे मोल आहे; विशेषतः खोकला थांबल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या टाळल्या जातात तेव्हा. घरातील इतरांच्या तपासणीचा आग्रहही त्यांनीच धरला. शिवाय, चाळीत आजाराचे नाव मोठ्याने घ्यायचे नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही.

पैशांची बाजू मात्र लंगडी निघाली. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 वरून 1000 रुपये झाली असून ती थेट खात्यात जमा होते. आम्हाला केंद्राने बँकेकडे आणि बँकेने केंद्राकडे पाठवले, आणि पैसे आले ते कोर्स संपत आल्यावर. भेटीही दुपारच्याच असत. सासूबाई घरी होत्या म्हणून निभावले, सकाळी सातला कंपनीत जाणाऱ्या रुग्णाला त्यांचा कितपत उपयोग होईल याची शंकाच आहे. म्हणून उपचार सुरू होतानाच पासबुकाची प्रत देऊन नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी आणि भेटीची वेळही तेव्हाच ठरवून घ्यावी.