पावती खरी, भरणा खोटा

पुण्यात माझ्या आत्याची मिळकतकरावरून जी फसवणूक झाली ती मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण त्या माणसाने दिलेली पावती बनावट नव्हती. कुणीही तपासली असती तरी खरीच निघाली असती.

आत्याच्या फ्लॅटची आकारणी 2019 नंतरची. स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी 40 टक्के सवलत अशा मिळकतींना सुरुवातीला मिळत नव्हती. 2023 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण त्यासाठी पीटी-3 अर्ज द्यावा लागतो. आत्याचा तो अर्ज राहिला होता, त्यामुळे बिल भरमसाट. नेमकं हेच हेरून एक एजंट सोसायटीत फिरत होता. "काकू, पीटी-3 मी मंजूर करून आणतो. सध्या बिल पूर्ण भरू, जास्तीचे पुढच्या बिलात वळते होतील. मेअखेरच्या आत भरलं की सर्वसाधारण करात सूटही मिळते. रोख द्या, रांगेत मी उभा राहतो." यातली माहिती बहुतेक खरी होती, म्हणून तर विश्वास बसला.

आत्याने बिलाचे पैसे आणि वर त्याची फी रोख मोजून दिली. आठवडाभरात पावती घरी आली. नाव बरोबर, मिळकत क्रमांक बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर.

पुढच्या वर्षीच्या बिलात ती सगळी रक्कम थकबाकी म्हणून उभी राहिली, त्यावर महिना 2 टक्के शास्ती. क्षेत्रीय कार्यालयात चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्याने रोकड खिशात घातली होती आणि काउंटरवर स्वतःचा चेक दिला होता. चेक दिला की पावती लगेच मिळते. चेक परत गेला, भरणा रद्द झाला, पावती मात्र आत्याच्या फाइलमध्ये जपून ठेवलेली. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं : चेक वटल्यावरच ग्राह्य. पीटी-3 तर त्याने दिलाच नव्हता.

निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या बाईला असं लुबाडणाऱ्याचा मला भयंकर संताप आहे. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. थकबाकी आत्याने ऑनलाइन भरली. पीटी-3 सोबत सोसायटीचं पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जोडून अर्ज आम्हीच दिला. या कामाला एजंट लागतच नाही.

आमच्याच सोसायटीत आणखी दोन घरांत त्याच बँकेच्या चेकच्या पावत्या निघाल्या. तुम्ही कुणाच्या हाती रोख दिली असेल आणि पावतीवर भरण्याचा प्रकार 'चेक' लिहिला असेल, तर महापालिकेच्या संकेतस्थळावर आपला मिळकत क्रमांक टाकून थकबाकी आजच बघा. शास्ती दर महिन्याला चढते.