जर्मन ७१/८४ संगीन: क्रॉसगार्डवरचा पत्ता वाचता आला तरच घ्यावी

जुन्या जर्मन संगिनींवरचे रेजिमेंटचे ठसे वाचायला शिकायचं असेल, तर सुरुवात ७१/८४ पासून, म्हणजे १८७१/८४ मॉडेलच्या बंदुकीच्या संगिनीपासून करावी. नंतरच्या काळातली ९८/०५ ही संगीन दिसायला जास्त रुबाबदार आहे आणि बाजारात मुबलकही आहे. पण तिच्यातल्या बऱ्याचशा पहिल्या महायुद्धाच्या काळात घाईघाईने बनल्या आणि त्यांच्यावर तुकडीचा ठसा पडलाच नाही. ७१/८४ शांततेच्या काळातली आहे. कंपनीचा शस्त्रागार सांभाळणाऱ्याला तेव्हा सवड होती, नियम कडक होते आणि ठसा नीट बसलेला असे. म्हणून या मॉडेलवरून इतर कुठल्याही जर्मन संगिनीपेक्षा जास्त वाचता येतं.

वस्तू म्हणून ती साधी आहे. पातं सुमारे २५ सेंटिमीटर, एकूण लांबी ३८ च्या आसपास, मुठीला लाकडी फळ्या आणि क्रॉसगार्डला, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीला, बंदुकीच्या नळीवर बसणारी रिंग. ७१/८४ बंदुकीत नळीखाली आठ काडतुसांचं नळकांडं होतं. ते भरलं की बंदूक पुढच्या बाजूला जड व्हायची. तिच्या आधीच्या ७१ मॉडेलची संगीन पितळी मुठीची आणि जवळजवळ अर्धा मीटर पात्याची, ती तिथे आणखी ओझंच झाली असती. म्हणून हे सुरीसारखं आखूड पातं आलं. पुढे १८८८ च्या मॉडेलची बंदूक आल्यावरही हीच संगीन वापरात राहिली, आणि ठसे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

सगळ्यात आधी पात्याची पाठ पाहावी. क्रॉसगार्डजवळ मुकुट, त्याखाली राजाचं आद्याक्षर आणि त्याखाली वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. ८७ म्हणजे १८८७. जर्मन साम्राज्यातल्या चार राज्यांना तेव्हा आपापले राजे होते. डब्ल्यू म्हणजे प्रशियाचा विल्हेल्म. १८८८ मध्ये पहिला विल्हेल्म मार्चमध्ये गेला आणि जूनमध्ये दुसरा विल्हेल्म गादीवर आला, त्यामुळे डब्ल्यू ८८ वरून दोघांपैकी कोण ते ठरत नाही, आणि ठरवण्याची गरजही नाही. ए.आर. म्हणजे सॅक्सनीचा आल्बर्ट. एल म्हणजे बव्हेरिया. तिथे लुडविग दुसरा १८८६ मध्ये वारल्यावर लुइटपोल्ड कारभार पाहू लागला आणि दोघांचंही अक्षर तेच. व्युर्टेम्बर्गमध्ये १८९१ पर्यंत कार्ल, म्हणून के. त्यानंतर तिथेही विल्हेल्म नावाचाच राजा आला. म्हणून नंतरच्या मॉडेलांवर डब्ल्यू दिसला की प्रशिया की व्युर्टेम्बर्ग हा प्रश्न उभा राहतो. ७१/८४ वर १८८० च्या दशकातला डब्ल्यू असेल तर तो प्रशियाचाच. शिकणाऱ्याला एवढा गोंधळ कमी होतो, हाही या मॉडेलच्या बाजूने जाणारा मुद्दा.

वर्षाखालचं किंवा मुठीच्या डोक्यावरचं मुकुटाखालचं फ्राक्टूर लिपीतलं वळणदार अक्षर तुकडीचं नाही. ती तपासनीसाची खूण आहे, माल पास केल्याची. नवशिक्या ग्राहकाला हीच अक्षरं तुकडीचं नाव म्हणून सांगितली जातात, आणि विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा खरंच तसं वाटत असतं.

तुकडीचा ठसा क्रॉसगार्डच्या सपाट बाजूवर असतो आणि म्यानाच्या तोंडाशी असलेल्या पोलादी टोपणावरही. १८७७ च्या प्रशियन नियमाने त्याची रचना ठरवून दिली आणि १९०९ च्या नियमाने ती नव्याने मांडली. ढाचा असा: रेजिमेंट क्रमांक, शाखेचं अक्षर, कंपनी, शस्त्राचा क्रमांक, मध्ये टिंबं. समजा ठसा आहे ८७.आर.१०.१२३. ही सत्त्याऐंशीवी इन्फंट्री म्हणजे पायदळाची रेजिमेंट, म्हणजे माइन्झची पहिली नासाऊ. दहावी कंपनी आणि त्या कंपनीतलं १२३ वं शस्त्र. बटालियन लिहिलेली नसते, पण कंपनीवरून ती कळते: १ ते ४ पहिली, ५ ते ८ दुसरी, ९ ते १२ तिसरी. बव्हेरियाच्या रेजिमेंटचे क्रमांक वेगळे चालत, म्हणून त्यांच्या ठशाच्या सुरुवातीला बी असतो. बी.२.आर. म्हणजे म्युनिकची दुसरी बव्हेरियन इन्फंट्री, प्रशियाची दुसरी नव्हे. हा बी झिजला असेल तर सगळा अर्थच बदलतो, म्हणून पहिल्या आकड्याच्या डावीकडची जागा भिंगाखाली दोनदा पाहावी.

आर हे अक्षर ग्रेनेडिअर आणि फ्युझिलिअर या पायदळाच्याच रेजिमेंटनाही तेच. १ ते १२ क्रमांक ग्रेनेडिअरांचे, हे माहीत असलं की ७.आर. पाहून ती लीग्निट्झची ग्रेनेडिअर रेजिमेंट आहे हे लगेच उमगतं. आर लागोपाठ दोनदा आला तर रिझर्व्ह. जी म्हणजे गार्ड, जे म्हणजे येगर (हलकं पायदळ) बटालियन, पी पायोनिअर (लष्करी अभियंते), ए तोफखाना, टी ट्रेन म्हणजे वाहतूक, एल लांडवेअर (वयस्क राखीव सैनिक), ई एर्झाट्झ (बदली सैनिक). घोडदळात यू उलान, डी ड्रॅगून, एच हुसार, के क्युरासिअर. पाठीवरचा एल आणि क्रॉसगार्डवरचा एल यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला राजाचा, दुसरा लांडवेअरचा. के चंही तसंच.

आता खरा उपयोगाचा भाग. ठसा वाचला म्हणजे काम संपत नाही, तो पटतो का ते पाहावं लागतं. इन्फंट्रीच्या ठशात कंपनी १२ च्या पुढे गेली तर थांबावं. तेरावी दिसली तर ती बहुधा मशीनगन कंपनी आणि त्यामुळे काळही नंतरचा. शस्त्राचा क्रमांक साधारण अडीचशेच्या आत हवा, कारण युद्धकाळातल्या पूर्ण कंपनीत माणसंच तेवढी असत. ४१२ असा क्रमांक सुटसुटीत दिसला, तरी तो बहुतेक चुकीचा वाचलेला असतो किंवा मागून मारलेला. घोडदळात स्क्वाड्रन पाचपर्यंत. रेजिमेंटचा क्रमांकही काळ सांगतो. १४६ च्या पुढच्या बऱ्याच रेजिमेंट १८९७ मध्ये उभ्या राहिल्या. १८८७ च्या पात्यावर १६० व्या रेजिमेंटचा ठसा असेल, तर तो पातं बनल्यावर किमान दहा वर्षांनी मारलेला आहे. ते अशक्य नाही, कारण संगीन ८८ च्या बंदुकीबरोबर फिरत राहिली. पण मग त्याआधीचा जुना ठसा कुठे गेला, हे शोधायला हवं. तो आडव्या रेघेने खोडलेला सापडला तर संगिनीची किंमत वाढते, कमी होत नाही. दोन तुकड्यांचा इतिहास एकाच लोखंडावर मिळणं ही या छंदातली मोठी कमाई.

राज्य आणि क्रमांक यांचीही गाठ घालावी. १०० ते १०८, १३३, १३४, १३९, १७७ ते १७९, १८१ आणि १८२ या सॅक्सन. ११९ ते १२७ आणि १८० या व्युर्टेम्बर्गच्या. पाठीवर ए.आर. आणि क्रॉसगार्डवर १०४.आर. असेल तर सॅक्सन पातं सॅक्सन रेजिमेंटमध्ये, सगळं जागच्या जागी. पाठीवर डब्ल्यू आणि क्रॉसगार्डवर १२०.आर. दिसलं तर लगेच खोटं म्हणू नये, शस्त्रं एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेली आहेत. फक्त अशा संगिनीला ‘जुळती’ म्हणून जास्तीची किंमत देऊ नये.

वाचताना अडतं ते गंज आणि मळामुळे. तारेचा ब्रश, सँडपेपर, व्हिनेगर, गंज काढणारं आम्ल यांतलं काहीही लावायचं नाही. आम्लाने अक्षराची धार विरघळते आणि तळ पांढुरका होतो. पुढे तो ठसा खरा की नवा हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. हलकं मशीन तेल कापसाने लावून रात्रभर ठेवावं, सकाळी बांबूच्या टोकदार काडीने खाचेतला काळा मळ उकरावा, मऊ सुती कापडाने पुसावं. दोन-तीनदा केलं की बरेच ठसे उघडतात. धातूची सुई वापरू नये, तिचा ओरखडा टिंबासारखा दिसतो आणि टिंब ही इथे माहिती आहे.

मग उजेड. खोली अंधारी करून एकच टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या तिरक्या कोनात धरावी. समोरून पडलेल्या उजेडात जे अक्षर सपाट वाटतं, ते बाजूच्या उजेडात सावली टाकतं. एका दिशेने पाहून थांबू नये. उभ्या रेघा डाव्या-उजव्या उजेडात उठतात, आडव्या रेघा वरच्या-खालच्या. चारही दिशांनी कॅमेरा न हलवता फोटो घ्यावेत आणि ते एकामागून एक पाहावेत. ३ आणि ८, ६ आणि ९, आर आणि बी यांचा घोटाळा बहुतेक इथेच सुटतो. तरीही न उमगल्यास पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासून ठसा उतरवावा. रिंगच्या बाजूला जिथे कॅमेरा नीट बसत नाही, तिथे हा उपाय फोटोपेक्षा सरस. खाचेत टाल्क पावडर भरायची पद्धतही आहे, पण ती तेलाला चिकटून बसते. ठसा उथळ असेल तरच ती वापरावी.

खोटे ठसे ओळखायला दहापट भिंग पुरतं. जुना ठसा आधी पडतो आणि गंज मागून येतो, म्हणून गंजाचे खड्डे अक्षराची कड खातात. नवा ठसा गंजलेल्या लोखंडावर मारलेला असतो, त्यामुळे अक्षर खड्ड्याच्या आरपार स्वच्छ कापत जातं आणि खड्ड्याची कड आत दबलेली दिसते. हा एकच निकष लक्षात राहिला तरी पुष्कळ पैसे वाचतील. शिवाय ताज्या ठशाभोवती धातू वर उचललेला असतो, बोटाला बारीक खरखर लागते. खऱ्या ठशाभोवतीचा असा कंगोरा वर्षानुवर्षांच्या पुसण्याने केव्हाच बसलेला असतो. अक्षराचा तळ आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा उजळ असेल तर संशय घ्यावा. टिंबं नसणं हाही वाईट संकेत. आणि प्रसिद्ध तुकडीचा, विशेषतः गार्डचा, सुरेख ठसा सामान्य दर्जाच्या पात्यावर दिसला तर आणखी बारकाईने पाहावं. खोटा ठसा मारणारा अनोळखी ट्रेन बटालियन क्वचितच निवडतो.

या मॉडेलची कमजोर बाजू म्यान. ते चामड्याचं, वर आणि खाली पोलादी टोपणं. शिवण कुजते, चामडं आकसतं, वरचं टोपण सैल होऊन निघतं. सेवेतच म्यानं बदलली गेली आणि नंतर व्यापाऱ्यांनीही बदलली. म्हणून क्रॉसगार्डवर ८७ आणि म्यानावर ३१ असणं नेहमीचं आहे. दोन्हीकडचा ठसा अक्षरशः एक, शेवटच्या शस्त्रक्रमांकासकट, असेल तर त्याला खरी जोडी म्हणावं. फक्त रेजिमेंट जुळली आणि शस्त्राचा क्रमांक वेगळा असला तर ती जोडी नव्हे, पण एकाच बराकीतल्या दोन वस्तू एकत्र आल्याचं समाधान असतं आणि त्यासाठी थोडं जास्त द्यायला हरकत नाही. टोपण चामड्यावर सरकलेलं असेल तर ते ओढून बसवायला जाऊ नये, चामडं तिथेच फाटतं.

इतर मॉडेलांकडे वळताना हे वाचन जसंच्या तसं लावता येत नाही. ९८/०५ वर ठसा असेल तर रचना हीच, पण युद्ध रेटत गेलं तशी ठसे मारायची शिस्त सुटत गेली. कोरा क्रॉसगार्ड हा दोष नव्हे. ८४/९८ च्या जुन्या प्रकारात ७१/८४ चंच पातं नव्या बंदुकीसाठी जुळवून घेतलेलं असतं, म्हणून पाठीवरचं वर्ष १८८० च्या दशकातलं आणि ठसा विसाव्या शतकातला, असं दिसलं तरी बिचकू नये. पुढे १९२० चा आकडा एकटाच मारलेला आढळतो. तो निर्मितीचं वर्ष नाही, पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळातली सरकारी मालकीची खूण आहे. त्या काळातला जे.आर. म्हणजे इन्फंट्री रेजिमेंट, कारण जर्मन ठशात मोठा आय बहुधा जे सारखाच लिहितात. येगरचा जे आणि हा जे यांतला फरक अक्षरावरून नाही, काळावरून कळतो. एसने सुरू होणारा ठसा पोलिसांचा, शुट्झपोलिझाय, पुढची अक्षरं जिल्ह्याची. १९३० च्या दशकानंतरच्या पात्यावर चार आकडे आणि एक छोटं अक्षर असेल तर तो नुसता उत्पादन क्रमांक, त्यात कंपनी शोधू नये. सीओएफसारखी तीन अक्षरं ही कारखान्याची सांकेतिक खूण, सीओएफ म्हणजे झोलिंगेनचा कार्ल आइकहॉर्न.

घेताना विक्रेत्याकडून चार फोटो मागावेत: पाठ, क्रॉसगार्डच्या दोन्ही बाजू, म्यानाचं वरचं टोपण. क्रॉसगार्डचा फोटो तिरक्या उजेडातच मागावा. ‘ठसा अस्पष्ट आहे’ असं सांगून सरळ उजेडातला फोटो आला तर किंमत ठसा नाही असं समजून ठरवावी. घरी आल्यावर संगीन चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि पहिला गंज क्रॉसगार्डच्या खालच्या कडेला, म्हणजे ठशाच्या अगदी शेजारी, धरतो. पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा, म्यान वेगळं आडवं ठेवावं, आणि दोन्हींना एकाच क्रमांकाच्या दोऱ्याच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. वेगळी ठेवलेली जोडी हरवते ती याच एका चिठ्ठीअभावी.