अठरा वर्षांचे आमचे फॅमिली डॉक्टर: पाचपैकी दोन तारे

पाचपैकी दोन तारे देतेय, आणि ते देताना वाईट वाटतंय. अठरा वर्षं आमच्या घरातलं प्रत्येक आजारपण याच दवाखान्यात गेलं. सासऱ्यांचा दमा, मिस्टरांची कंबर, दोन्ही मुलांचे गोवर-कांजिण्या. म्हणून नाव लिहीत नाही. सांगलीतला दवाखाना आहे एवढं पुरे.

आधी ते दोन तारे कशाचे ते सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मारुती चौकाच्या बाजूचं माझं शिलाईचं दुकान पाण्यात गेलं, दोन्ही मशिनींसकट. आम्ही एका शाळेत मुक्कामाला होतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पाठीवर सॅक अडकवून तिथे आले. म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, पायाच्या चिखल्यांना मलम, पोरांना जुलाबाचं औषध, सगळं स्वतःच्या हातानं वाटलं. कुणाकडून रुपया घेतला नाही. दुसरा तारा माझ्या मुलीचा. ती चार वर्षांची असताना रात्री अकराला ताप एकशेचारवर गेला, तेव्हा झोपेतून उठून त्यांनी दार उघडलं आणि ताप उतरेपर्यंत आम्हाला तिथेच बसवून घेतलं. हे मी विसरलेली नाही.

आता बाकीचं.

सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ. फी दीडशे. कंपाउंडर नंबराचा पत्र्याचा बिल्ला देतो. संध्याकाळी सातला गेलात तर चाळीसच्या पुढचा मिळतो. बाहेर बाक, एक पंखा. इथवर काही तक्रार नाही, गर्दी म्हणजे माणसांचा विश्वास आहे. तक्रार आतल्या स्टुलाची आहे.

डॉक्टरांच्या टेबलासमोर पेशंटची खुर्ची, आणि तिच्या मागे हातभर अंतरावर एक प्लास्टिकचं निळं स्टूल. तुम्ही खुर्चीत बसलात की पुढच्या नंबरचा माणूस त्या स्टुलावर येऊन बसतो. वेळ वाचावा म्हणून. तुम्ही उठलात की तो खुर्चीत, आणि स्टुलावर तिसरा. दाराला पडदा आहे, पण त्या पडद्याच्या आत तुम्ही एकट्या कधीच नसता.

दिवाळी २०२२ पासून मला बरं वाटत नव्हतं. सणाच्या ऑर्डरी संपल्या, तरी थकवा जाईना. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. पाळी महिन्याला दोनदा यायला लागली, तीही आठ-आठ दिवस. केस विंचरताना गुंतवळ मूठभर निघायचा. मार्गशीर्षात सगळ्या म्हणत होत्या थंडी कमी आहे, आणि मी स्वेटर घालून कापड कापत होते. चेहरा सुजल्यासारखा. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या, रात्री तर झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. हातशिलाईला मी आईचं पितळी अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, वापरते. बावीस वर्षं ते मधल्या बोटात सहज बसायचं. एका सकाळी ते पेरावरून खाली उतरेच ना. साबण लावून चढवलं, तर निघेना.

हे सगळं सांगायचं ठरवून मी गेले. खुर्चीत बसले. मागे स्टुलावर आमच्याच गल्लीतले, रोज दुकानावरून जाणारे एक गृहस्थ. डॉक्टर म्हणाले, "बोला वहिनी." मी म्हणाले, "थकवा फार येतोय." पाळीचं तोंडातून निघेना. कसं निघणार? तोवर त्यांचं पेन चालू झालेलं. "काही नाही हो, वयाचं आहे. चाळिशी ओलांडली की बायकांना होतंच. टेन्शन घेऊ नका." ताकदीचं इंजेक्शन, बी-कॉम्प्लेक्स, आणि कंबर दुखते म्हणाले म्हणून कॅल्शियम. मी "हाताला मुंग्या…" म्हणेपर्यंत मागचे गृहस्थ अर्धे उठले होते. "शिलाई जरा कमी करा." झालं. बाहेर येऊन घड्याळ बघितलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

शिलाई कमी करा. माझं घर शिलाईवर चालतं. हे त्यांना माहीत आहे, त्यांच्या बायकोचे ब्लाऊज मीच शिवते.

पुढच्या चौदा महिन्यांत मी नऊ वेळा गेले. फाईलमधल्या चिठ्ठ्या मोजून सांगतेय. पाच इंजेक्शनं, तीन वेळा टॉनिक, एकदा झोपेची गोळी. एकदा मिस्टरांना सोबत नेलं, तर डॉक्टर माझ्याशी बोलायच्या ऐवजी त्यांच्याशी बोलले: "वहिनी मनाला फार लावून घेतात, जरा फिरवून आणा." मिस्टर भाबडे, त्यांनी मला नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं. दर्शन छान झालं. मुंग्या तशाच.

जानेवारी २०२४ मध्ये मुलगी म्हणाली, "आई, थायरॉइड तपासलंय का कधी?" ती डी. फार्म., म्हणजे औषधनिर्माणाची पदविका, करते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गुगल करून आलात वाटतं?" मागे स्टुलावर कुणीतरी हसलं. पण चिठ्ठी लिहून दिली. तीनशे रुपयांची तपासणी. त्यात टीएसएच नावाचा आकडा बघतात, थायरॉइड ग्रंथीचं काम कमी पडलं की तो वाढतो. माझा आला ४२. वरची मर्यादा साधारण चार-साडेचारच्या आसपास असते.

तरीही मी इतकी रागावले नव्हते. माणूस चुकतो. माझ्याकडूनही एखादं अस्तर उलटं लागतं. पण चूक लक्षात आल्यावर मी गिऱ्हाईकाला बसवून घेते आणि नीट विचारते, कुठे ओढतंय, कुठे ढिलं पडतंय. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, "हां, थायरॉइड आहे," म्हणाले आणि थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी लिहिली. "रोज सकाळी एक. आता आयुष्यभर." पुढचा नंबर.

मी गोळी एक दिवस चुकवली नाही. तीन महिन्यांनी टीएसएच २९. गोळी ७५ ची केली. नंतर २४. गोळी १०० ची. नंतर २१. तेव्हा त्यांनी रिपोर्ट टेबलावर टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, तुम्ही गोळ्या घेतच नाही. खोटं बोलून माझं काय जाणार आहे, तुमचंच नुकसान."

मला तिथे रडू आलं. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

नोव्हेंबरमध्ये मुलीनं मला दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांच्याकडे दीड तास थांबावं लागलं आणि फी दुप्पट. पण आत मी आणि मुलगी, बस्स. दार बंद. त्यांनी आधी फाईल चाळली, मग माझे हात हातात घेऊन बोटं बघितली, गळ्याला हात लावून आवंढा गिळायला सांगितला. अंगुस्तानाचं ऐकून म्हणाल्या, "हे बरं सांगितलंत." पाळीचं त्यांनी स्वतःहून विचारलं. आणि मग म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून गोळी घेईपर्यंत काय काय करता, ते सांगा."

मी सांगितलं. साडेपाचला उठते. पाणी तापत ठेवते. चहा टाकते. चहाबरोबर दोन्ही गोळ्या घेते, थायरॉइडची आणि कॅल्शियमची, एकदमच, म्हणजे कुठली विसरायला नको.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकदम? चहाबरोबर?"

तेवढंच होतं. कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. चहाही आड येतो. थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि मग किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. मी आता कॅल्शियम रात्री जेवणानंतर घेते. आठ आठवड्यांनी टीएसएच ०.२ वर आला, म्हणजे आता १०० ची गोळी जास्त व्हायला लागली. मला छातीत धडधडत होतं ते त्यामुळेच. बाईंनी ती ७५ वर आणली. त्यानंतरचा रिपोर्ट २.८. पाळी जागेवर आली. गुंतवळ कमी झाला. मुंग्या जायला चार महिने लागले, पण गेल्या. अंगुस्तान परत बसतं.

दोन्ही गोळ्यांच्या चिठ्ठ्या आमच्या जुन्या डॉक्टरांच्याच हातच्या होत्या. "गोळी कशी घेता?" या एका प्रश्नाला किती वेळ लागतो? ते हुशार नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. विचारलं नाही, एवढंच. आणि न विचारता मला खोटारडी ठरवलं.

मुलीनं मला एक अभ्यास वाचून दाखवला, 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेला. ६७ देशांत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात याची माहिती त्यात गोळा केली आहे. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. म्हणजे हे एका डॉक्टरांचं नाही, मला कळतं. साठ माणसं बाहेर बसलेली असताना प्रत्येकाला वीस मिनिटं कुठून देणार? पण लग्नसराईत माझ्याकडेही एका आठवड्यात चाळीस ब्लाऊज येतात. तरी दहा वर्षांच्या जुन्या गिऱ्हाईकाचंसुद्धा माप मी नव्यानं घेते. वहीतलं जुनं माप बघून कापड कापलं, तर बाई मध्यंतरी बाळंत झालीय की आजारी पडलीय हे मला कसं कळणार? अठरा वर्षं ओळखतात म्हणून डॉक्टरांनी मला बघायचं सोडलं, असं मला वाटतं. मी त्यांच्यासाठी 'टेन्शन घेणाऱ्या वहिनी' होते, आणि खुर्चीत येऊन बसायच्या आधीच माझी चिठ्ठी ठरलेली होती.

अजून एक गोष्ट, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. नव्या डॉक्टर बाईंनी जुने कागद मागितले. मी दवाखान्यात गेले तर कंपाउंडर म्हणाला, आमच्याकडे काही नसतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यायचे असतात. हे मुलीनं त्याला शांतपणे सांगितलं. त्यानं कपाटातून माझं कार्ड काढलं. नऊ तारखा, प्रत्येकीपुढे फी आणि 'वीकनेस' एवढा एकच शब्द. मी प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवत होते म्हणून निभावलं. तुम्हीही ठेवा, अगदी ताप-खोकल्याचीसुद्धा. आणि जाताना कागदावर लिहून न्या. मागे कुणी बसलं असेल आणि तोंडानं सांगणं अवघड असेल, तर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. मला हे नवव्या फेरीपर्यंत सुचलं नाही.

जुन्या डॉक्टरांना मी शेवटचा रिपोर्ट नेऊन दाखवला. भांडायला नाही, त्यांना कळावं म्हणून. कॅल्शियमचं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट दोनदा बघितला. "मी सांगितलं असेल तुम्हाला," म्हणाले. मी म्हणाले, "नाही डॉक्टर, नव्हतं सांगितलं." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी फी घेतली नाही, पण 'चुकलं' असंही म्हणाले नाहीत. मला फी नको होती.

सर्दी-तापाला जायचं असेल तर खुशाल जा. हात चांगला आहे, औषध महागडं लिहीत नाहीत, अडीअडचणीला पैशासाठी अडवत नाहीत. पण महिनोन् महिने अंगावर काढलेलं काही असेल, बाईचं काही असेल, किंवा तिसऱ्यांदा तेच ऐकायला मिळालं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मी तो अपमान मानत राहिले आणि दोन वर्षं घालवली.

गेल्या मंगळवारी शेजारच्या काकूंना घेऊन परत तिथेच गेले. त्यांना दुसरीकडे जायचं नव्हतं, डॉक्टरांवर त्यांचा जीव आहे. आमचा नंबर आला. निळं स्टूल जागेवरच होतं आणि मागचा माणूस आत यायला निघाला होता. मी त्यांना म्हणाले, "दादा, पाच मिनिटं बाहेर थांबा," आणि स्टूल उचलून पडद्याच्या बाहेर नेऊन ठेवलं. कंपाउंडर बघत राहिला. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. काकूंनी एकदा मागे वळून बघितलं, पदर सारखा केला, आणि लघवीच्या त्रासाचं, जे त्यांनी वर्षभर फक्त मला सांगितलं होतं, ते सांगायला लागल्या.