तुमचं हॉटेल बदललंय, असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा

व्हिएतनाम, थायलंडला एकट्या जाणाऱ्या पुण्यातल्या मुली आणि बायका आता पुष्कळ आहेत. निघण्याआधी प्रत्येकीला घरातून आणि ऑफिसातून त्याच सूचना मिळतात : रात्री फिरू नकोस, रस्त्यात थांबू नकोस, सरळ हॉटेल गाठ. हनोईत माझी फसवणूक झाली ती याच सूचनांचा फायदा घेऊन. रात्रीच्या वेळी एकट्या बाईला सगळ्यात जास्त घाई असते ती दाराच्या आत जायची, हे तिथल्या फसवणाऱ्यांच्या साखळीला पक्कं ठाऊक आहे. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते.

माझं विमान नोई बाई विमानतळावर रात्री अकराच्या पुढे उतरलं. तिथून शहर २५-३० किलोमीटर लांब. जुन्या भागात, ओल्ड क्वार्टरला, जाणारी ८६ नंबरची बस आहे, पण इतक्या उशिरा ती मिळत नाही. बाहेर पडताच इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा एक माणूस पुढे आला. त्याने बॅग ओढली नाही, मागे लागला नाही. हॉटेलचं नाव विचारलं, भाडं आधीच सांगितलं आणि आकडाही वाजवी होता. गाडीवर टॅक्सीची पाटी होती, डॅशबोर्डवर फोटोचं कार्ड लावलेलं होतं. आपल्याकडे ज्या ज्या गोष्टी तपासायला सांगतात त्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

लाल नदीवरच्या न्हात तान पुलावर गाडी आली तेव्हा त्याने वेग कमी केला. पुलाचे रंगीत दिवे बघा, फोटो काढा, असं खुणेने सांगितलं. मी फोटो काढत असतानाच त्याने फोन लावला, व्हिएतनामीत थोडं बोलला आणि मोबाइल मागे माझ्या हातात दिला. पलीकडे बाईचा आवाज, इंग्रजी स्वच्छ. तिने मला नावाने हाक मारली, किती रात्रींचं बुकिंग आहे तेही सांगितलं. माझ्या हॉटेलातूनच बोलतेय यात शंका घ्यायला जागाच नव्हती. (हे सगळं बुकिंगच्या पानावर असतं, आणि पत्ता दाखवायला प्रत्येक प्रवासी तेच पान ड्रायव्हरपुढे धरतो.) ती म्हणाली, तुमच्या मजल्यावर पाइप फुटलाय, खोलीत पाणी झालंय. आमचंच दुसरं हॉटेल दोन गल्ल्या पलीकडे आहे, तिथे खोली काढून ठेवलीय. आणि मग म्हणाली, ‘तुम्ही एकट्या आहात ना मॅडम, म्हणून रिसेप्शनच्या वरचीच खोली ठेवलीय. अगदी सुरक्षित.’

पाइप फुटल्याची गोष्ट मी कदाचित पडताळून बघितली असती. या शेवटच्या वाक्यापुढे माणूस पडताळणी करत नाही. माझी काळजी करणाऱ्या बाईला उलट प्रश्न काय विचारायचे? मला त्या रात्रीची सगळ्यात जास्त चीड आजही याच वाक्याची येते.

हनोईचा जुना भाग म्हणजे एकेका धंद्याच्या गल्ल्या, आपल्या तांबट आळी-बोहरी आळीसारख्या. हांग बाक चांदीवाल्यांची, हांग गाई रेशमाची. एकच रस्ता चौकाचौकात नाव बदलत जातो. मध्यरात्री दुकानांची शटरं खाली असताना आपण नेमके कुठे आहोत हे नवख्याला कळणं कठीण. दारावरच्या पाटीवर माझ्या हॉटेलचंच नाव होतं, फक्त शेवटी एक शब्द जादा. हनोईत चांगलं नाव मिळवलेल्या हॉटेलची अशी नक्कल जागोजाग आहे, आणि ती नवी नाही, वर्षानुवर्षांची आहे.

दारातच गाडीचे पैसे देताना दुसरी हातचलाखी झाली. विमानतळावरच्या एटीएममधून ५,००,००० डोंगच्या नोटा आल्या होत्या. अशी एक नोट म्हणजे साधारण सोळाशे-सतराशे रुपये. मी एक दिली. तो दिव्याकडे वळला आणि पुन्हा माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या हातात २०,०००ची नोट होती. ‘हे काय दिलंत?’ दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. फरक आकड्याचा. माझ्या पाकिटात २०,०००ची नोटच नव्हती, हे मी तीनदा सांगितलं. काउंटरवरची मुलगी त्याची बाजू घेऊन म्हणाली की नवीन लोकांचा असा गोंधळ होतो. मागे रिकामा रस्ता, पुढे उघडं दार. मी दुसरी नोट दिली. मैत्रिणींनो, निळ्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि देताना आकडा मोठ्याने म्हणून, नोट उलगडून, समोरच्याच्या नजरेसमोर धरून द्या.

मग पासपोर्ट. पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं तिथल्या हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा पासपोर्ट मागितला यात गैर काही नाही. पण नोंद झाली की तो तिथल्या तिथे परत मागायचा. माझा काउंटरच्या खणात गेला आणि ‘सकाळी मिळेल’ म्हणून खण बंद झाला. पुढची सगळी ताकद त्या खणात होती.

सकाळी फोनवर निरोप दिसला. माझ्या खऱ्या हॉटेलचा. रात्रभर वाट पाहिली, तुम्ही आला नाहीत, सगळं ठीक आहे ना? नियमाप्रमाणे पहिल्या रात्रीचे पैसे कापले जातील. कुठलाही पाइप फुटला नव्हता.

खाली आले तर बिल ८५ डॉलर. मूळ बुकिंग २८ डॉलरचं होतं. शिवाय ‘हा लाँग बे’ नावाच्या आखाताची सहल घ्या म्हणून गळ, ती घेतली तर बिल कमी करू. लॉबीत एक फ्रेंच जोडपं बसलं होतं, त्यांनाही पाण्याचीच गोष्ट सांगून आणलेलं. ते दोघं होते, नवरा चांगला सहा फुटी होता, आणि त्यांचाही पासपोर्ट खणातच होता. पुण्यात परतल्यावर ‘एकटी कशाला गेलीस?’ हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांना मी या जोडप्याबद्दल सांगते. त्या प्रश्नाने पुढच्या मुली गप्प बसतात, आणि त्या गप्प बसल्या की तीच पाटी, तोच फोन पुढच्या विमानासाठी तयार राहतो.

पासपोर्टसाठी मी कार्डाने पैसे भरले, तरी तो लगेच हाती आला नाही. त्याआधी बिलाचा, पाटीचा आणि दारावरच्या पत्त्याचा फोटो काढला होता. खऱ्या हॉटेलला फोन केल्यावर तिथली रिसेप्शनिस्ट स्कूटरवरून स्वतः आली, काउंटरवर चढ्या आवाजात बोलली, ११३ला म्हणजे पोलिसांना फोन लावायची भाषा केली, तेव्हा तो खण उघडला. पैसे परत आले नाहीत. तिच्या हॉटेलने मात्र कापलेली रात्र सोडून दिली आणि पुढचे दिवस मी तिथेच राहिले. हनोई मला आवडलं, हेही लिहायला हवं. होआन कीएम तळ्याभोवती पहाटे कवायत करणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी मला हाताला धरून त्यांच्या रांगेत उभं केलं होतं.

पुण्यात आल्यावर बँकेत गेले. तिथे जे कळलं ते आधीच माहीत असलेलं बरं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आपण ऐकून असतो, पण तो आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचा होता. आपणच कार्ड देऊन पिन दाबला की तो व्यवहार आपला ठरतो, मग मागे पासपोर्ट अडवलेला असो. उरते ती वादाची रीतसर तक्रार, आणि त्यासाठी कागद लागतात : मूळ बुकिंग, बिल, दोन्हीकडचे निरोप. ते होते म्हणून माझा अर्ज निदान घेतला गेला. माझ्या प्रवासविम्यातही चोरी आहे, हरवलेला पासपोर्ट आहे, पण असं गोड बोलून लुबाडणं कुठल्याच कलमात बसलं नाही.

हा प्रकार फक्त हनोईचा नाही. बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसच्या बाहेर सभ्य दिसणारा माणूस सांगतो की आज राजवाडा बंद आहे, आणि स्वस्तात टुकटुक ठरवून देतो, जी शेवटी रत्नांच्या दुकानात थांबते. नवी दिल्ली स्टेशनवर परदेशी बायकांना सांगतात की तिकीट खिडकी हलवलीय, चला मी दाखवतो. सगळीकडे आधी तुमची ठरलेली जागा नाहीशी केली जाते आणि मग काळजीने दुसरी दिली जाते.

आत्याची मुलगी पुढच्या महिन्यात हनोईला निघालीय, तीही एकटी. तिच्याबरोबर बसून मी हे केलं. विमान दुपारी उतरणारं घेतलं, थोडं महाग पडलं तरी. हॉटेलचा नंबर बुकिंगच्या अॅपमधून न घेता हॉटेलच्या वेबसाइटवरून घेतला आणि तिच्या फोनमध्ये जतन केला. तिथे व्हॉट्सअॅपपेक्षा ‘झालो’ (Zalo) हे निरोपांचं अॅप जास्त चालतं, तेही टाकून घेतलं. ड्रायव्हरने लावून दिलेल्या फोनवर कोण काय बोललं तरी ऐकायचं नाही, आपल्या फोनवरून आपण जतन केलेल्या नंबरलाच विचारायचं. तो उचलला नाही तरी मूळ पत्त्यावरच उतरायचं. ड्रायव्हरला बुकिंगचं पान दाखवायचं नाही, पत्ता वेगळ्या कागदावर व्हिएतनामी भाषेत लिहून न्यायचा, घर नंबरासकट. गाडी चालू झाल्यापासून आपल्या नकाशावर वाट बघत राहायची. हनोईतल्या भारतीय दूतावासाचा आणीबाणीचा नंबर तिने लिहून घेतला, आणि पासपोर्टच्या रंगीत प्रती दोन ठिकाणी ठेवल्या.

न्यायला गाडी पाठवा, असं तिने हॉटेललाच लिहिलं. ड्रायव्हरच्या हातातल्या पाटीवर तिच्या नावाऐवजी आम्ही ठरवलेला एक मराठी शब्द असेल, कारण नाव कुणीही वाचून म्हणू शकतं. हॉटेलने होकार कळवलाय, गाडीचा नंबर ते आदल्या दिवशी पाठवणार आहेत.