ब्लॅक घोस्ट नाइफफिश: मासा एक नंबर, दुकानदाराचं मात्र ऐकू नका

दिवाळीच्या आधी नाशकातल्याच एका अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून ब्लॅक घोस्टची जोडी घेतली, साडेचारशेला एक. दुकानाचं नाव नाही लिहीत, उगाच वाद नको. पॅकिंग मस्त होतं, ऑक्सिजन भरलेली डबल पिशवी, सिडकोपर्यंत स्कूटरवर हेलकावे खात आली तरी मासे टवटवीत. कोळशासारखा काळा, शेपटीवर दोन पांढऱ्या रिंगा, पोटाखालची झालर हलवत जेवढ्या सहज पुढे जातो तेवढाच सहज रिव्हर्स मारतो.

काउंटरवरचा पोरगा म्हणे, काका हात घालू नका, करंट मारतो. अरे करंट मारतो तो इलेक्ट्रिक ईल, याचा भाऊबंद, दोघंही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले. याची वीज एवढी बारीक की आपल्याला कळतही नाही. सेकंदाला साधारण 1000 वेळा, दिवसरात्र, झोपेतसुद्धा चालू, आजूबाजूला अळी आली की दगड हे रात्रीच्या अंधारात त्यावरूनच ओळखतो. ही वीज ऐकायला भाच्याने दोन वायरी टाकीत सोडून बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या, आधी नुसती घरघर, मग हीटर आणि फिल्टर दोन मिनिटं प्लगमधून काढले तर बारीक एकसुरी शिट्टी. आई किचनमधून ओरडली, कुकर बंद करा रे!

आता तक्रार. "जोडीनेच ठेवा, एकटा घाबरतो" हे त्यांचंच वाक्य. आठवड्यात एकाने दुसऱ्याची शेपूट कुरतडली, आणि वीज तयार करणारा अवयव त्या शेपटीकडे असतो हो. परत वाढते, पण तोवर बिचारा पाइपातून बाहेर येईना. मासा परत द्यायला गेलो तर घेतला, पैसे नाही, बदल्यात खाद्याचं पाकीट. वर "दोन फुटी टाकीत आरामात राहतो"! हा दीड फुटापर्यंत वाढतो, वळणार कुठे? आणि याला औषधं लगेच बाधतात, हेही मला बाहेरून कळलं, बिलासोबत निळ्या औषधाची बाटली मात्र न मागता आली.

माशाला 5, दुकानाला 2 स्टार. फ्रोझन ब्लडवर्म (माशाच्या खाण्याच्या गोठवलेल्या लाल अळ्या) तिथूनच आणतो अजून, ते चांगले असतात. मोठी टाकी कुणी विकत असेल तर सांगा, चार फुटी तरी हवी.