लष्करी उपग्रह: स्वतःचे मोजके, छोट्यांचा ताफा की कंपनीची सेवा?

लष्करासाठी उपग्रह घ्यायचे तर सरकारपुढे तीन रस्ते असतात. मोजके, मोठे, दीर्घायुषी उपग्रह स्वतःच्या मालकीचे बांधून घ्यायचे. किंवा लहान उपग्रहांचा ताफा टप्प्याटप्प्याने विकत घेत राहायचा. किंवा उपग्रह कंपनीचाच ठेवून फक्त सेवेचे पैसे मोजायचे. बहुतेक चर्चा किमतीच्या तक्त्यापासून सुरू होते. मी आधी एवढंच विचारेन, की युद्धाच्या रात्री सेवा चालू ठेवायची की बंद, हे कोण ठरवणार?

पहिल्या रस्त्याचं ठळक उदाहरण म्हणजे क्षेपणास्त्र सुटताच त्याची उष्णता टिपणारी अमेरिकेची ‘सिबर्स’ यंत्रणा. कंत्राट १९९६ चं, पण तिचा पहिला भूस्थिर उपग्रह उडाला २०११ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीपलीकडे गेला. याला नुसता ढिसाळपणा कारणीभूत नाही. पुढची संधी दहा वर्षांनी येणार हे माहीत असलं की प्रत्येक खातं आपली मागणी याच उपग्रहात कोंबतं. मागण्या वाढल्या की किंमत वाढते आणि संख्या घटते. संख्या घटली की एकही उपग्रह बिघडून चालत नाही, म्हणून चाचण्या आणखी लांबतात. तरीही सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तीन-चार उपग्रहांत ध्रुवप्रदेश सोडून जवळपास सगळी पृथ्वी दिसते, आणि अण्वस्त्रांच्या किरणोत्सारातही टिकेल अशी बांधणी करता येते. अणुहल्ल्याची पूर्वसूचना आणि सर्वोच्च पातळीवरचे आदेश यांसाठी मी अजूनही हाच रस्ता धरेन.

दुसरा रस्ता अमेरिकेच्याच ‘स्पेस डेव्हलपमेंट एजन्सी’ने २०१९ पासून धरला. साधारण दर दोन वर्षांनी नवा टप्पा, एकाच वेळी अनेक पुरवठादार. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन कंपन्यांना प्रत्येकी ४२ उपग्रहांचं काम मिळालं. एकूण रक्कम सुमारे १.८ अब्ज डॉलर, म्हणजे एका उपग्रहामागे दीड कोटी डॉलरच्या आसपास. शत्रूने दोन-चार पाडले तरी ताफा चालू राहतो, शिवाय या टप्प्यात राहून गेलेली सुधारणा पुढच्या टप्प्यात घालता येते. उशीर इथेही होतोच: हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये उडायला लागणार होता, पहिली तुकडी गेली सप्टेंबर २०२५ मध्ये. वेगवेगळ्या कंपन्यांचे उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलतील का, हा यातला खरा नाजूक सांधा. दुसरी गोष्ट विक्रेते हळू आवाजात सांगतात. खालच्या कक्षेतल्या अशा उपग्रहांचं आयुष्य पाचेक वर्षांचं, त्यामुळे ही खरेदी कधीच संपत नाही. अर्थसंकल्पात एका वर्षी हात आखडला की काही वर्षांनी ताफ्याला भोकं पडतात.

तिसऱ्या रस्त्यावर ब्रिटन बरंच लांब चाललं. ‘स्कायनेट ५’ या लष्करी संपर्क-उपग्रहांचा करार २००३ चा. उपग्रह खासगी कंपनीचे, संरक्षण मंत्रालय ग्राहक, आणि उरलेली क्षमता कंपनी मित्रदेशांना विकणार. सेवा चांगली चालली. २०२२ मध्ये करार संपला तेव्हा उपग्रह मंत्रालयाकडे आले. पुढचा ‘स्कायनेट ६ए’ मात्र मंत्रालयाने २०२० मध्येच एअरबसकडे स्वतःच्या मालकीचा म्हणून नोंदवला होता. जवळपास दोन दशकं फक्त ग्राहक राहिलेल्या खात्यात स्वतःचे जाणकार टिकवणं किती अवघड असेल, हे वेगळं सांगायला नको.

युक्रेनमध्ये या रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या. स्टारलिंक या खासगी उपग्रह-इंटरनेट सेवेमुळे सैन्याचा संपर्क टिकला, पण २०२२ मध्ये क्रिमियाजवळ सेवा सुरू करायला मालक एलॉन मस्क यांनी नकार दिला. त्या वेळी पेंटागॉनचा करारच नव्हता, तो जून २०२३ मध्ये झाला. दोष कंपनीला देणं सोपं आहे. पण सेवा कुठे आणि कुणाच्या आदेशाने मिळेल, हे लिहून घेणं ग्राहकाचं काम.

तिन्ही रस्त्यांवर दुर्लक्षित राहते ती जमीन. २४ फेब्रुवारी २०२२ च्या सायबर हल्ल्यात युक्रेनसह युरोपला इंटरनेट पुरवणाऱ्या केए-सॅट उपग्रहाला धक्काही लागला नाही, खालचे हजारो मोडेम निकामी झाले. जीपीएसचा एम-कोड हा खास लष्करी संदेश प्रसारित करू शकणारा पहिला उपग्रह २००५ मध्ये वर गेला, पण तो पकडणारे रिसीव्हर सैनिकांपर्यंत पोचायला त्यापुढे दीड दशकाहून अधिक काळ लागला. कोटेशनमध्ये टर्मिनल, नियंत्रण केंद्र आणि प्रशिक्षण नसेल, तर ते कोटेशन अर्धंच समजावं.

व्यवहारात मिश्रण होतंच. भारताने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या टेहळणीच्या ५२ उपग्रहांपैकी २१ इस्रो आणि ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. स्वतःचं रॉकेट किंवा कारखाने नसलेल्या देशाने दुसऱ्या रस्त्याच्या मोहात पडू नये. आधी सेवा घ्यावी, पण कूटलेखनाच्या किल्ल्या आणि भूकेंद्र स्वतःकडेच ठेवावं. करारात तीन कलमं मागावीत: संघर्षकाळात अग्रक्रम, मालकी बदलली तर बाहेर पडण्याचा हक्क, आणि नियंत्रण केंद्रात पहिल्या दिवसापासून सरकारी अभियंते. तिसऱ्या कलमावर कंपनी सर्वांत जास्त घासाघीस करेल. तिथे दरात थोडी सूट सोडावी लागली तरी सोडावी.